भारीट कोणत्या देशाचा?

हिवाळ्याची चाहूल लागली की आपल्या वृत्तपत्रांतून दरवर्षी एक ठरावीक मजकूर प्रसिद्ध होतो. अमुक जलाशयावर बदकांचे थवे उतरले, तमुक तलावावर रोहित पक्ष्यांनी हजेरी लावली, 'परदेशी पाहुण्यां'ची रीघ लागली, असा त्याचा थाट असतो. या मजकुरात ज्याचा नामोल्लेख सहसा सापडत नाही असा एक पक्षी त्याच सुमारास सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळांवर आणि जोंधळ्याच्या रानांत मोठमोठ्या थव्यांनी उतरलेला असतो. काळ्या डोक्याचा भारीट हे त्याचे नाव. चिमणीहून किंचित मोठा, उणापुरा पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा हा जीव. तो पाण्यावर उतरत नाही, त्याच्या अंगी रोहिताची ऐट नाही. म्हणून त्याची बातमी होत नाही. शेतकऱ्याला मात्र तो पुरता ठाऊक आहे, कारण तो त्याच्या कणसावर येऊन बसतो. या पाखराच्या निमित्ताने एक प्रश्न येथे मांडावयाचा आहे. रानातल्या अशा जिवांच्या पोषणाचा खर्च आज कोण सोसतो, आणि न्यायाने तो कोणी सोसावयास हवा?

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने १७६९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. इटलीपासून बाल्कन देश, ग्रीस, तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराणपर्यंतचा प्रदेश ही त्याची जन्मभूमी. द्राक्षांचे मळे, काटेरी झुडपे, मधूनच गवताळ उतार आणि पिकांची शेते अशा उघड्या मुलखात तो घर करतो. नराचे मस्तक काळेभोर, पोट हळदीसारखे पिवळे आणि पाठ तांबूस-तपकिरी. मादी मात्र फिकी, मातकट. नर झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून गातो. प्रारंभी दोन-तीन खरखरीत स्वर आणि मग उतरत जाणारी गोड लकेर, अशी त्याच्या गाण्याची धाटणी आहे. घरटे जमिनीपासून फारसे उंच नसते. मादी चार-पाच अंडी घालते, तीच ती सुमारे तेरा दिवस उबवते आणि पिल्ले दहाएक दिवसांत घरटे सोडतात. या पिल्लांना दाणे चालत नाहीत. त्यांना किडे, अळ्या, नाकतोडे भरवावे लागतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या विवेचनात तिला महत्त्व आहे.

युरोपातील बहुसंख्य स्थलांतरी पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे, आफ्रिकेत जातात. भारीट त्याला अपवाद आहे. तो पूर्वेचा रस्ता धरतो आणि इराण-बलुचिस्तान ओलांडून पश्चिम व मध्य भारतात येतो. आपल्याकडे ज्वारीच्या हंगामात धुमाकूळ घालणाऱ्या भोरड्याही अशाच पूर्वेकडे येणाऱ्यांपैकी. बाल्कनमधील घरट्यापासून दख्खनच्या पठारापर्यंतचे अंतर एका दिशेने पाच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. एवढासा जीव ते बहुतांशी रात्री उडून कापतो. महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात त्याच्याच थव्यांत लाल डोक्याचा भारीटही मिसळलेला आढळतो. त्याचे मूळ घर मध्य आशियात. मारुती चितमपल्लींसारख्या अभ्यासकाने जन्मभर खपून आपल्या भाषेत पाखरांची नावे साठवून ठेवली. ती नावे वापरणारी माणसे उरावीत आणि ज्यांची ती नावे आहेत ती पाखरेही उरावीत, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

पाहुणा की घरचा?

आता भारीटाच्या वर्षाचा हिशेब मांडू. जन्मभूमीत तो एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात पोचतो आणि वीण आटोपताच जुलै-ऑगस्टमध्ये ती सोडतो. आपल्याकडे तो सप्टेंबरपासून दिसू लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये जातो. म्हणजे तिकडे तीन महिन्यांचा संसार आणि इकडे सहा-सात महिन्यांचा मुक्काम. वर्षातला अर्ध्याहून अधिक काळ जो आपल्या रानात काढतो, आपल्या बाभळी-बोरींवर रात्री विसावतो, त्याला 'परदेशी पाहुणा' कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? माहेरवाशीण माहेरी जावी तसा तो वर्षातून एकदा तिकडे जातो, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. पाहुणा म्हटले की जबाबदारी यजमानाच्या मर्जीपुरती राहते; घरचा म्हटले की ती कर्तव्य होते. शिवाय या पक्ष्याच्या परतीच्या प्रवासाचे सारे बळ येथेच तयार होते. वाराणसी आणि लखनौ येथील शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेमक्या याच पक्ष्यावर प्रदीर्घ संशोधन केले आहे. दिवसाचा प्रकाश किती तास मिळतो यावर भारीटाच्या शरीरातील घड्याळ चालते, हे त्यातून स्पष्ट झाले. दिवस लांबू लागले की त्याची भूक वाढते, कातडीखाली चरबीचे थर साचतात, पंचवीस ग्रॅमांचा पक्षी पस्तीस ग्रॅमांच्याही वर जातो, आणि एरवी रात्री शांत झोपणारे हे पाखरू पिंजऱ्यातही रात्रभर तळमळू लागते. प्रयोगशाळेत दिवस कृत्रिमरीत्या लहान ठेवला की यातले काहीच घडत नाही. निघण्याची वेळ त्याला आकाशातला प्रकाश सांगतो. परंतु निघण्यासाठी लागणारी शिदोरी त्याला जमिनीवरूनच गोळा करावी लागते. ती शिदोरी म्हणजे आपल्या माळावरच्या गवताचे बी आणि आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा जोंधळा.

येथेच मूळ प्रश्नाला तोंड फुटते. भारीट शेतकऱ्याचा मित्र आहे, तो कीड खातो, म्हणून त्याला जपा, असा युक्तिवाद पक्षिप्रेमी मंडळी पुष्कळदा करतात. पक्ष्यांच्या बाबतीत सामान्यतः तो खरा आहे. चीनने १९५८ मध्ये चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम काढली, किडीने पिके फस्त होऊ लागली आणि १९६० मध्ये चिमण्यांना त्या यादीतून वगळावे लागले, हे सर्वश्रुत आहे. तथापि भारीटाच्या बाबतीत हा युक्तिवाद आपल्याकडे लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो किडे वेचतो ते प्रामुख्याने विणीच्या काळात, म्हणजे बाल्कन आणि तुर्की शेतकऱ्याच्या रानात. आपल्या रानात तो मुख्यत्वे दाणे खातो. बाजरी, जोंधळा, गहू यांचे तो नुकसान करतो आणि थवा मोठा असेल तर ते नगण्य नसते. लाभ एकाच्या पदरात आणि खर्च दुसऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी आहे. आणि ज्याच्या माथी खर्च येतो तो अवर्षणप्रवण तालुक्यातला, चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीचा धनी आहे. आपण सारे भूतदयेच्या गोष्टी बोलतो. त्या भूतदयेचे बिल मात्र गुपचूप त्याच्याकडे पाठवतो.

राखण आणि रान

जुन्या काळी या व्यवहाराला एक रीत होती. कणसात दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राही, घरातले पोर किंवा म्हातारे माणूस गोफण घेऊन त्यावर बसे आणि हाळ्या देत पाखरे राखी. पाखरांचा वाटा गृहीत धरलेला असे. तो वाजवीपेक्षा वाढू न देणे एवढेच राखणीचे प्रयोजन. पंचक्रोशीतले सारे शिवारच जोंधळ्याने भरलेले असल्यामुळे पाखरांचे नुकसानही शेकडो शेतांत वाटले जाई. एकाच्या पाटीतले चार दाणे गेले तर कोणाला फारसे जाणवत नसे.

ती परिस्थिती आज राहिलेली नाही. १९७०-७१ च्या सुमारास देशात १ कोटी ७० लक्ष हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते; आज ते ५० लक्ष हेक्टरांच्याही आत आले आहे. या घसरणीला पाखरे कारण नाहीत. शिधावाटपात स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या खोऱ्यात ऊस पसरला, सोयाबीन आणि कांद्याने नगद पैसा दाखवला, मजुरी वाढली. ज्वारी काढणे हे तर कंबर मोडणारे काम. त्याला माणसे मिळेनाशी झाली. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी शेतकऱ्याला दोष देता येणार नाही.

परंतु याचा एक परिणाम असा झाला की ज्याने अजून जोंधळा सोडलेला नाही त्याच्यावर साऱ्या शिवाराची पाखरे येऊन पडतात. ऊस आणि सोयाबीनच्या मधोमध दोन एकर जोंधळा उभा असेल तर थव्याने दुसरीकडे जावे तरी कोठे? पोरे शाळेत, म्हातारी माणसे थकलेली, राखणीला मजूर लावावा तर पिकाचे पैसे राखणीतच जावयाचे. मग पुढच्या वर्षी तोही जोंधळा सोडतो आणि पाखरांचा भार उरलेल्यांवर आणखी वाढतो. हे दुष्टचक्र पाखराच्या हिताचे नाही, शेतकऱ्याच्या नाही आणि भाकरी खाणाऱ्या गरिबाच्याही नाही. कडब्यावाचून ज्याची जनावरे उपाशी राहतात त्या पशुपालकाच्या हिताचे तर मुळीच नाही.

जी कथा रानाची, तीच माळाची. गवताळ माळ म्हणजे 'पडीक' जमीन, ही समजूत आपल्या महसुली व्यवहारात इंग्रजी अमदानीपासून रुजली. जी जमीन सारा देत नाही ती वाया गेलेली, असा त्या राजवटीचा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतरही देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे तयार करताना झुडपी-गवताळ माळांचा मोठा भाग त्यातच गणला गेला. मग पडीक जमीन 'सुधारावयाची' म्हणून तेथे कधी चर खणून झाडे लावली गेली, कधी वसाहती उभ्या राहिल्या, अलीकडे सौर ऊर्जेचे फलकही येत आहेत. महाराष्ट्राने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. वृक्षप्रेमाला कोण नावे ठेवील? परंतु जेथे निसर्गाने हजारो वर्षे गवतच राखले तेथे झाडी लावणे म्हणजे माळाला जंगल नसल्याची शिक्षा देणे होय. माळढोक, तणमोर, धाविक, काळवीट, लांडगा यांना उघडा माळ लागतो. भारीटांच्या आणि चंडोलांच्या थव्यांवर जगणारा भोवत्या हा शिकारी पक्षी रात्री गवतातच, जमिनीवर विसावतो. त्याला दाट झाडीचा काय उपयोग?

विपुलता ही हमी नव्हे

भारीट आज दुर्मिळ नाही, मग ही चिंता कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. जागतिक सूचीत तो 'चिंतेचे कारण नसलेल्या' पक्ष्यांत मोडतो, हे खरे आहे. परंतु त्याच्याच एका भाऊबंदाची हकीकत डोळे उघडणारी आहे. पिवळ्या छातीचा भारीट फिनलंडपासून थेट पूर्व आशियापर्यंत पसरलेला होता आणि उत्तरेकडील सर्वाधिक विपुल गाणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होई. २००४ पर्यंत तोही 'चिंतेचे कारण नसलेल्या' गटातच होता. स्थलांतराच्या वाटेवर चीनमध्ये तो खाण्यासाठी जाळ्यांनी पकडला जात होता. १९९७ मध्ये त्यावर बंदी आली, पण चोरटा व्यापार थांबला नाही. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे आणि २०१७ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवावे लागले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडले. थव्याने जगणाऱ्या पाखराचे असेच असते. थवा दिसतो तोवर सारे आबाद वाटते, आणि एखाद्या वर्षी थवाच दिसत नाही.

आपल्याकडे भारीटाला जाळ्यांपेक्षा विषाचे भय अधिक आहे. खोडमाशीपासून संरक्षण म्हणून ज्वारीच्या बियाण्याला कीटकनाशक चोळून पेरण्याची शिफारस केली जाते. त्यात इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव्ये असतात. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एका स्थलांतरी चिमणीवर केलेल्या प्रयोगात या द्रव्याची अल्पशी मात्राही पुरेशी घातक ठरली. पाखरे मेली नाहीत, पण त्यांची भूक मंदावली, चरबी आणि वजन घटले आणि त्यांचा पुढचा प्रवास सुमारे साडेतीन दिवसांनी लांबला. ज्याचे सारे आयुष्य वेळेवर पोचण्यावर अवलंबून आहे त्याला हा विलंब महागात पडतो. भारताच्या पक्ष्यांविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानेही उघड्या माळांवरचे आणि दूरवरून येणारे पक्षी विशेष झपाट्याने घटत असल्याचा इशारा दिलाच आहे.

मग करावयाचे काय? १९७९ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. त्या वर्षी युरोपीय समुदायाने साऱ्या वन्य पक्ष्यांच्या संरक्षणाचा निर्देश काढला, स्थलांतरी प्राण्यांविषयीचा बॉन करार झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नान्नजचे माळढोक अभयारण्यही स्थापन झाले. भारत १९८३ मध्ये बॉन कराराचा सदस्य झाला आणि २०२० मध्ये त्या कराराची परिषद गांधीनगरला भरली. म्हणजे जबाबदारी आपण लेखी स्वीकारलेली आहे. फरक पडला तो पुढच्या पावलात. युरोपने १९९२ पासून, शेती करताना निसर्ग राखणाऱ्या शेतकऱ्याला सार्वजनिक निधीतून मोबदला देण्याची योजना सर्व सदस्य देशांना बंधनकारक केली. ती निर्दोष नाही. तेथील शेतांमधील पक्षी १९८० पासून निम्म्याहून अधिक घटले आहेत. पण राखणाराला मोल दिले पाहिजे हे तत्त्व तरी तेथे मान्य झाले. आपण अभयारण्याची रेघ नकाशावर आखली, तीत हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी घातल्या, त्यांच्या व्यवहारावर निर्बंध आले आणि मोबदला मात्र कोणी बोलला नाही. परिणामी ज्या पक्ष्याचे नाव अभयारण्याला दिले त्याच्याविषयीच लोकांच्या मनात अढी बसली. ही चूक लहान पाखरांच्या बाबतीत पुन्हा होऊ नये.

यासाठी काही गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे गवताळ माळांना महसुली दप्तरात स्वतंत्र स्थान द्यावे. 'पडीक' या शिक्क्यातून त्यांची सुटका करावी आणि तेथील वृक्षलागवड थांबवावी. दुसरी, कोरडवाहू टापूत जोंधळा आणि बाजरी पिकवणाऱ्याला दर एकरी ठरावीक साहाय्य द्यावे. पाखरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे करणे व्यवहारात अवघड आहे. रानडुकराने लोळवलेले पीक दाखवता येते, टिपलेले दाणे मोजता येत नाहीत. पंचनाम्याच्या वाटेवर हात ओले करणारेही भेटतात. म्हणून नुकसान मोजण्याऐवजी पीक मोजावे आणि बांधावरच्या बोरी-बाभळी राखणाऱ्याला त्यात थोडे अधिक द्यावे. तिसरी, ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते त्या जिल्ह्याच्या शिधावाटपात ती हमीभावाने खरेदी करून द्यावी. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण वाजतगाजत साजरे केले. त्या वर्षाचे फलित खरेदी केंद्रावर दिसावयास हवे. चौथी, औषध चोळलेले बी उघड्यावर पडू नये, यासाठी कृषी खात्याने गावोगाव शिकवण द्यावी.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न अपेक्षितच आहे. माळावर न जगणाऱ्या रोपांवर जो खर्च होतो त्याचा एक अंश जरी इकडे वळवला तरी प्रारंभ होऊ शकेल. माणसाची भूक आधी की पाखराची, असाही प्रश्न विचारला जाईल. परंतु येथे त्या दोहोंत विरोध नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला जोंधळा परवडावा, यातच त्याचे, त्याच्या गुरांचे आणि पाखरांचे हित एकवटले आहे. असे साहाय्य म्हणजे शेतकऱ्यावर उपकार नव्हेत. देशाने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर जे वचन दिले ते तो आपल्या कणसातून पाळीत आला आहे, त्याची ती परतफेड होय.

भारीट कोणत्या देशाचा, या प्रश्नाचे उत्तर नकाशात शोधून मिळणार नाही. बल्गेरियातल्या झुडपात तो जन्मतो, इराणच्या पठारावरून उडतो आणि मंगळवेढ्याच्या जोंधळ्यावर पोसला जातो. या साखळीतील कोणताही एक दुवा तुटला तर उरलेल्यांनी कितीही काळजी घेतली तरी ती फुकट जाते. आपल्या वाट्याचा दुवा एका कोरडवाहू शेतकऱ्याने आजवर एकट्याने, कोणाच्याही मदतीवाचून सांभाळला आहे. त्याचा हात सुटण्यापूर्वी शासनाने आणि समाजाने आपला हात पुढे करावा. पुढच्या सुगीला पाखरे राखणारा माणूस शेतात असेल की नसेल हे सांगता येत नाही. पण राखण्याजोगा जोंधळा आणि त्यावर उतरणारी पाखरे तरी असावीत, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.